भट्टी लावण्याआधीचं पान

सिरॅमिक्समध्ये पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न असा आहे: "माझा विषय 'भेगा आणि स्मृती' असा आहे. आराखड्यात 'संशोधनपद्धती' नावाचं प्रकरण लागतं. मार्गदर्शक विचारतात, गृहीतक कुठे आहे? बरोबरचे सगळे प्रश्नावल्या तयार करतायत. मी तर पुढची दोन वर्षं स्टुडिओत काम करणार आहे. तेच माझं संशोधन नाही का? मग पद्धती म्हणून वेगळं काय लिहायचं? की शंभर जणांकडून प्रश्नावली भरून घेऊन टाकू?"

प्रश्नावली आत्ता तरी बाजूला ठेवा. तुमचं काम हेच तुमचं संशोधन होऊ शकतं, पण ते आपोआप होत नाही. त्यासाठी काय करावं लागतं ते जरा सविस्तर सांगते. मी मुद्राचित्रकार आहे, मुख्यतः तांब्याच्या पत्र्यावर एचिंग करते, म्हणजे रसायनाने पत्रा कोरून त्यावरून कागदावर छाप काढते. माझी पीएचडी माझ्याच कामाच्या आधारे झाली आणि त्यानंतर चित्रकला, नृत्य, नाटक, ध्वनी अशा वेगवेगळ्या शाखांतल्या विद्यार्थ्यांसोबत याच प्रकरणावर मी डोकं खपवलं आहे. मातीकाम माझं नाही, पण माझ्या स्टुडिओच्या भिंतीपलीकडे बरीच वर्षं एक भट्टी होती आणि तिथे मी पुष्कळ वेळ बसले आहे.

आधी 'आपोआप होत नाही' असं का म्हणते ते सांगते. चांगला कलावंत वर्षानुवर्षं काम करतो तेव्हा तो शिकतच असतो. पण ते शिकणं त्याच्या हातात राहतं. आपल्याला जे सांगता येतं त्यापेक्षा अधिक आपल्याला कळलेलं असतं, असं तत्त्वज्ञ मायकेल पोलानी यांनी १९६६ मध्ये मांडलं. कुंभाराला माती 'आता उचलली जाईल' हे बोटांना कळतं. का कळलं, ते सांगता येत नाही. ते कळणं खरंच असतं, पण ते दुसऱ्याच्या हाती कसं द्यायचं हा प्रश्न उरतो. संशोधन म्हणवून घ्यायचं तर तो टाळता येत नाही.

संशोधन कशाला म्हणायचं याची जगभर वापरली जाणारी एक व्याख्या 'फ्रास्काटी मॅन्युअल'मध्ये आहे. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक संघटनेचा हा दस्तऐवज मुळात देशोदेशीचा संशोधनावरचा खर्च मोजण्यासाठी केलेला आहे. त्याच्या २०१५ च्या आवृत्तीत पाच कसोट्या दिल्या आहेत: काम नवीन असावं, सर्जनशील असावं, त्याचा शेवट आधीपासून ठाऊक नसावा, ते पद्धतशीर असावं, आणि त्यातून निघालेलं इतरांना नेता किंवा पुन्हा करता यावं. तिथेच असंही म्हटलं आहे की निव्वळ कलाभिव्यक्ती ही संशोधनात धरली जात नाही. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता. नंतर लक्षात आलं की पहिल्या तीन कसोट्या कुठल्याही जिवंत स्टुडिओत रोजच पार पडतात. आपण अडखळतो ते शेवटच्या दोन ठिकाणी. म्हणजे पद्धतीच्या प्रकरणात तुम्हाला खरं उत्तर द्यायचंय ते याच दोन गोष्टींचं: काम पद्धतशीर कसं होतं, आणि दुसऱ्या मातीकाम करणाऱ्याला यातून काय घेऊन जाता येईल.

आराखड्यात आपली जागा दाखवायला कलाशिक्षणाचे अभ्यासक क्रिस्टोफर फ्रेलिंग यांची १९९३ ची विभागणी अजूनही उपयोगी पडते. कलेविषयीचं संशोधन, कलेतून केलेलं संशोधन, आणि कलेसाठी केलेलं संशोधन. जुन्या ग्लेझचा, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थराचा, इतिहास लिहिलात तर ते पहिलं. शिल्पासाठी लागणारे संदर्भ, साहित्य, फोटो गोळा केलेत तर ते तिसरं. ते प्रत्येक कलावंत करतो आणि तेवढ्यावर पदवी मिळत नाही. तुमचं मधलं आहे. एक वाक्य लिहा, फ्रेलिंगचं नाव घ्या आणि पुढे चला. या वर्गीकरणांवर वीस-वीस पानं लिहिलेले प्रबंध मी वाचले आहेत. त्यात स्टुडिओ कुठे दिसतच नाही.

आता तुमचा विषय. 'भेगा आणि स्मृती' हा विषय आहे, प्रश्न नाही. 'मी भेगांमधून स्मृतीचा शोध घेणार आहे' असं लिहिलंत तरी प्रश्न होत नाही, कारण त्या शोधात चूक ठरण्याची सोयच नाही. दोन वर्षांनी जे काही होईल त्याला 'शोध' म्हणता येईल. मी विद्यार्थ्यांना एकच परीक्षा सांगते: हा प्रश्न हात मळवल्याशिवाय, नुसतं ग्रंथालयात बसून सुटेल का? सुटत असेल तर तिथेच सोडवा, दोन वर्षं वाचतील. सुटत नसेल तर नेमकं कुठे अडतं ते शोधा. तिथे तुमचा प्रश्न आहे.

तुमच्या बाबतीत ते करून बघू. ग्लेझला भेगा का पडतात? भट्टी थंड होताना ग्लेझ आणि माती दोन्ही आकसतात. ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलं की ते ताणलं जातं आणि तडकतं. सोडियम, पोटॅशियम जास्त असलेली ग्लेझं जास्त आकसतात; सिलिका वाढवली की आकसणं कमी होतं. हे सगळं पुस्तकात आहे, त्यासाठी तुमची गरज नाही. पण भेगा भट्टीतच पडून संपत नाहीत. भांडं बाहेर काढल्यावरही तासन्‌तास 'टिण्' असे आवाज येत राहतात. माती पूर्ण पक्व झालेली नसेल, सच्छिद्र राहिली असेल, तर ती हवेतला ओलावा हळूहळू शोषते, किंचित फुगते, आणि महिन्यांनीसुद्धा नव्या भेगा पडतात. पलीकडच्या स्टुडिओत रात्री उशिरा काम करताना भिंतीतून तो आवाज मी ऐकला आहे. अंगावर काटा येतो.

म्हणजे तुमचं माध्यम पूर्ण झाल्यावरही थांबत नाही. वस्तू प्रदर्शनात ठेवलेली असते आणि तिच्यावर अजून काळ उमटत असतो. मग प्रश्न असा होऊ शकतो: 'भट्टीनंतर चालू राहणाऱ्या भेगा शिल्पाच्या रचनेचा भाग कशा करता येतील, जेणेकरून पाहणाऱ्याला ती वस्तू घडून गेलेली नव्हे तर घडत असलेली वाटेल?' यात 'स्मृती' हा शब्दही आला नाही, पण स्मृतीबद्दल बोलायला आता खरी जमीन मिळाली. आणि हा प्रश्न चुकू शकतो. कदाचित भेगा इतक्या सावकाश पडतील की कुणालाच काही जाणवणार नाही. तेही उत्तरच. हा प्रश्न तुम्ही जसाच्या तसा उचलू नका. विषयातून प्रश्नाकडे कसं जायचं ते दाखवायला मी तो मांडला. तुमच्या हाताला जे खुपतंय ते तुम्हालाच ठाऊक.

मार्गदर्शकांच्या गृहीतकाबद्दल. दोन वर्षांच्या सर्जनशील कामाला एकच मोठं गृहीतक बांधणं बहुतेक वेळा खोटं होतं, कारण काम अर्ध्यावर दिशा बदलतं आणि ते बदलायलाच हवं. पण 'आमच्या क्षेत्रात गृहीतक नसतं' असं म्हणून मोकळं होऊ नका, त्यांच्या विचारण्यात तथ्य आहे. त्यांना सांगा: माझा मुख्य प्रश्न एक आहे, आणि प्रत्येक भट्टीआधी मी एक छोटी अपेक्षा लिहून ठेवणार आहे. माझ्या मते तुमच्या सगळ्या पद्धतीचा कणा हाच आहे, म्हणून इथे थोडं थांबते.

कामाची वही सगळेच ठेवतात. पण बहुतेक वह्यांमध्ये काम झाल्यावरची नोंद असते: ग्लेझ छान आलं, रंग अपेक्षेपेक्षा गडद. अपेक्षा काय होती, ते कुठेच नसतं. भट्टी उघडल्यावर तुम्हाला जे दिसतं ते मागची आठवण बदलून टाकतं. पाच मिनिटांत तुमची खात्री पटते की मला हेच हवं होतं. म्हणून भट्टी लावण्याआधी एक पान लिहायचं. काय बदललं, का बदललं, काय होईल असं वाटतं. तारीख, सही. उघडल्यावर त्याच्याच समोरच्या पानावर काय झालं ते. दोन पानांमध्ये जी तफावत राहते तिच्यात तुमचं संशोधन आहे. चार्ल्स सँडर्स पर्स या तत्त्वज्ञाने तर्काचा एक तिसरा प्रकार मांडला होता: काहीतरी अनपेक्षित दिसतं, आणि 'असं असेल तर हे समजण्यासारखं आहे' असा अंदाज आपण बांधतो. स्टुडिओत आपण दिवसभर हेच करतो. फक्त अनपेक्षित म्हणायला आधी अपेक्षा नोंदलेली लागते.

एक पान कल्पून लिहिते. त्यात 'फरशी' म्हणजे ग्लेझ तपासायचा मातीचा लहान तुकडा, 'कोन' हे भट्टीच्या उष्णतेचं माप, 'जाळं' भेगांचं, आणि फेल्डस्पार व नेफेलिन सायनाइट ही ग्लेझ वितळायला मदत करणारी खनिज द्रव्यं. डावीकडे: 'फरशी १४. पांढरी स्टोनवेअर माती, कोन ६, सुमारे १२२० अंश सेल्सिअस. फरशी ११ चंच ग्लेझ, फक्त पोटॅश फेल्डस्पारच्या जागी तेवढंच नेफेलिन सायनाइट. बाकी काही बदललेलं नाही. सोडा वाढेल, म्हणून जाळं ११ पेक्षा बारीक यावं. दोन-तीन मिलिमीटरचे चौकोन. मला ते बारीक नको आहे, पण किती बारीक होतं ते बघायचंय.' उजवीकडे: 'उघडली तेव्हा जाळं मोठं, बोटभर रुंद. निराश. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडणीवरून दोनदा आवाज. पाचव्या दिवशी मोठ्या चौकोनांच्या आत केसासारख्या रेघा, उजेड तिरपा धरला तरच दिसतात. म्हणजे बारीक जाळं आलं, पण उशिरा. मला वाटलं होतं सोडा फक्त जाळ्याचा आकार ठरवेल. वेळ कोण ठरवतं?'

शेवटचं वाक्य बघा. हा प्रश्न वाचनातून आलेला नाही. डावं पान नसतं तर पाचव्या दिवशीच्या त्या रेघा 'छान बारीक क्रॅकल आलं' एवढ्यावर संपल्या असत्या. व्यावसायिक काम करताना कसा विचार करतात याचे अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये दोन प्रकारचं चिंतन वेगळं केलं होतं, काम करता करता होणारं आणि काम झाल्यावर मागे वळून केलेलं. उजवं पान दुसऱ्या प्रकारचं आहे. पहिल्या प्रकारचं पकडणं अवघड. त्यासाठी हात धुवायला उठता तेव्हा फोनमध्ये बोलून ठेवलेलं अर्धं वाक्यही चालतं.

ही सवय मला महागात पडून लागली. पीएचडीच्या पहिल्या वर्षी एका मोठ्या पत्र्यावर मी अ‍ॅक्वाटिंट करत होते, म्हणजे बारीक ठिपक्यांनी छटा आणत होते, आणि तो पत्रा फेरिक क्लोराइड या तांबं खाणाऱ्या द्रावणात ठरल्यापेक्षा बराच जास्त वेळ राहिला. अ‍ॅक्वाटिंट जास्त खाल्लं गेलं की शाई धरून ठेवणारे ठिपकेच कोसळतात, आणि गर्द काळ्याऐवजी खरखरीत, फिकट राखाडी छाप येते. त्या राखाडीतून माझं पुढचं सगळं काम निघालं. प्रबंधात मी ते 'निर्णय' म्हणून लिहिलं. एका वेगळ्या प्रकरणात, तीन वर्षांनंतरच्या आठवणीवरून, त्याच घटनेला 'अपघात' म्हटलं. परीक्षकांनी दोन्ही पानं माझ्यासमोर ठेवली आणि विचारलं, यातलं कोणतं खरं? मला खरोखर आठवत नव्हतं. द्रावण किती तीव्र होतं, दिवस थंड होता की गरम, किती मिनिटं, काहीच लिहिलेलं नव्हतं. त्याआधीची छापही काढलेली नव्हती. दुरुस्तीसाठी नवे पत्रे घेऊन तीच चूक मला मुद्दाम, टप्प्याटप्प्याने पुन्हा करावी लागली. परीक्षकांचं म्हणणं बरोबर होतं.

आणि हे मुद्राचित्रकाराच्या हातून व्हावं याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण आमच्या माध्यमात पुरावा ठेवायची सोय जन्मजात आहे. काम चालू असताना पत्र्यावरून छाप काढली की तो टप्पा कागदावर राहतो. आम्ही त्याला 'स्टेट' म्हणतो. रेम्ब्रांटचं १६५३ चं 'तीन क्रूस' हे ड्रायपॉइंट, म्हणजे पत्र्यावर थेट सुईने कोरलेलं मुद्राचित्र, असंच पाच टप्प्यांत उरलं आहे. चौथ्या टप्प्यात त्याने पत्र्याचा मोठा भाग घासून काढला, माणसं पुसली, नवी आणली, आणि सगळं दृश्य उभ्या जाड रेघांच्या अंधारात लोटलं. त्याने यावर एक शब्दही लिहून ठेवलेला नाही. तरी तिसरी आणि चौथी छाप शेजारी ठेवली की निर्णय कुठे झाला ते डोळ्यांना दिसतं. पिकासो १९३७ मध्ये 'गेर्निका' रंगवत होता तेव्हा छायाचित्रकार डोरा मारने त्याच्या टप्प्यांचे फोटो काढले. पिकासोच्या कच्च्या रेखाटनांवर तारखाही आहेत. त्या चित्राच्या घडणीबद्दल आज इतकं नेमकं बोलता येतं त्याचं कारण हेच. तुमच्या माध्यमात छाप निघत नाही. म्हणून फोटो, फरश्या, तुटके तुकडे, सगळं आकड्यांनिशी जपा. फसलेल्या फरश्या तर नक्कीच.

नोंदींचा अतिरेकही होतो. एका नृत्याच्या विद्यार्थ्याने तालमींचं प्रत्येक मिनिट चित्रित केलं होतं, आणि शेवटी ते बघायला त्याच्याकडे वेळच उरला नाही. त्याहून वाईट म्हणजे कॅमेरा चालू आहे म्हणून सगळे नर्तक थोडं नीटनेटकं नाचत होते. चाचपडणं बंद झालं होतं, आणि त्याला अभ्यासायचं होतं ते चाचपडणंच. नंतर आम्ही ठरवलं की कॅमेरा तालमीच्या शेवटच्या वीस मिनिटांतच लावायचा आणि त्यातलं एकच मिनिट त्याच संध्याकाळी निवडून, ते का निवडलं ते लिहायचं. वर्षअखेर त्याच्याकडे साठेक मिनिटं होती आणि साठेक परिच्छेद. प्रबंध त्यातून उभा राहिला. तुम्हीही चाकावर बसल्या बसल्या लिहू नका. काही दिवस पूर्णपणे नोंदीविना काम करा, आणि ते दिवस नोंदीविना होते एवढं मात्र लिहून ठेवा.

आणखी एक. फरश्यांवर एका वेळी एकच गोष्ट बदलायची ही शिस्त चाचण्यांसाठी आहे. शिल्प करताना ती पाळू नका, शिल्प मरेल. कामाच्या दोन चाली ठेवा आणि एकीतून दुसरीत कधी गेलात ते वहीत दिसू द्या. सर्जनशील कामातून होणाऱ्या संशोधनाचे अभ्यासक हेझेल स्मिथ आणि रॉजर डीन यांनी २००९ मध्ये अशा कामाचं चित्र एका चक्राकार जाळ्यासारखं काढलं आहे: करता करता अभ्यासाकडे, अभ्यासातून परत करण्याकडे, कुठूनही शिरावं. तुमच्या मार्गदर्शकांना आकृती हवी असेल तर ती दाखवा.

संदर्भांचा आढावा लिहिताना फक्त लेखन वाचून थांबू नका. तुमच्या प्रश्नावर कामातून उत्तर दिलेले कलावंत हेही तुमचं वाङ्मय आहे. चीनमध्ये सोंग राजवटीच्या काळातल्या ग्वान नावाच्या भांड्यांवर भेगांचं जाळं मुद्दाम आणलेलं असे, दोष म्हणून नव्हे. गे प्रकारच्या भांड्यांवरच्या दुहेरी जाळ्याला 'सोन्याचा धागा, लोखंडी तार' म्हणतात: मोठ्या भेगा काळ्या, मधल्या बारीक भेगा पिवळसर. मातीकाम करणाऱ्या कलावंत क्लेअर ट्वोमी यांनी बोन चायना या हाडांची राख मिसळलेल्या चिनीमातीच्या पोकळ फरश्या जमिनीवर अंथरल्या, त्या प्रेक्षकांच्या पावलांखाली फुटत गेल्या. तिथे भेग पाडणारा पाहणाराच होता. शिल्पकार अँडी गोल्ड्सवर्दी ओली माती भिंतीवर लिंपून ती वाळताना तडकू देतात. या प्रत्येकाने वेळ कुठे ठेवली आहे, भट्टीत, पावलात की वाळण्यात, असं विचारत गेलात की तुमची रिकामी जागा आपोआप दिसेल. शक्य असेल ते काम प्रत्यक्ष बघा. भेगेची खोली फोटोत कळत नाही. फुटलेलं भांडं सोन्याने जोडण्याच्या जपानी पद्धतीवर मात्र इतकं लिहून झालंय की तिथे जायचं तर अगदी ठोस कारण असू द्या.

आता प्रश्नावली. दुसऱ्या शाखांच्या पद्धती उसन्या घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त तुमच्या प्रश्नाला त्या लागल्या पाहिजेत. 'हे शिल्प पाहून स्मृती जाग्या होतात का? एक ते पाच गुण द्या' यातून तुम्हाला काहीही कळणार नाही. समोर कलावंत उभी असताना माणसं चार गुण देतात. तुमचा प्रश्न पाहणाऱ्याला वस्तू 'घडत असलेली' वाटते का असा असेल, तर माणसं तिच्यापुढे काय करतात ते बघा. किती वेळ थांबतात, कान जवळ नेतात का, आवाज आल्यावर मागे सरकतात का, परत येतात का. आठ-दहा जणांना शिल्पासमोरच जे मनात येईल ते बोलायला सांगा आणि ते ध्वनिमुद्रित करा. ते लिहून काढायला वेळ लागतो. तासाभराच्या बोलण्याला मला चार-पाच तास लागतात. शंभर प्रश्नावल्यांपेक्षा हे बरं, कारण त्यातले शब्द तुमचे नसतील. अशा मजकुरातून सूत्रं काढण्याची मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांची २००६ ची सहा पायऱ्यांची पद्धत बऱ्याच जणांना जमते. पण पायऱ्या चढल्या म्हणजे अर्थ लागला असं होत नाही. त्या मजकुरासोबत बसावंच लागतं.

माणसांना कामात घेणार असाल तर विद्यापीठाच्या नीतिसमितीची परवानगी पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या आधी घ्या. नंतर मागितलेली परवानगी सहसा मिळत नाही आणि गोळा केलेलं सगळं वापरता येत नाही. हे घरच्या माणसांनाही लागू आहे. 'स्मृती' म्हटलं की विद्यार्थी आजीकडे जातात. आजीने नातीला सांगितलेली गोष्ट प्रबंधात छापायला तिची संमती आहे का, तिला 'प्रबंध' म्हणजे काय ते समजलं आहे का, तिच्या गोष्टीतल्या इतरांचं काय? हे प्रश्न कागदोपत्री नाहीत. एका विद्यार्थिनीने आईच्या आजारपणावर सुंदर ध्वनिकाम केलं होतं. सादरीकरणाच्या आदल्या आठवड्यात आईने नको म्हटलं, आणि ते काम तिथेच थांबलं. थांबवलं हे योग्यच झालं. स्वतःच्या आयुष्यावर काम करणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं असतं: तुमच्या आयुष्यात दुसरी माणसं आहेत.

भट्टी दुसरं कुणी लावत असेल, ग्लेझचं सूत्र कुणी दिलं असेल, तर तेही पद्धतीच्या प्रकरणात नोंदवा. कलावंताच्या प्रदर्शनात ही नावं गळतात. संशोधनात ती गळली तर कोणाला काय कळलं याचा हिशेबच चुकतो.

लेखनाबद्दल शेवटी. पद्धतीचं प्रकरण दोनदा लिहा. एकदा आत्ता, आराखड्यासाठी, भविष्यकाळात. एकदा काम संपल्यावर, भूतकाळात, पहिलं पुढ्यात ठेवून. जिथे बेत बदलला तिथे तो का बदलला ते वहीतल्या तारखेसह सांगा. विद्यार्थी हे बदल लपवतात, जणू सगळं आधीच ठरलं होतं. पण परीक्षकाला सगळ्यात जास्त तेच वाचायचं असतं. 'मी' म्हणून लिहा. 'संशोधिकेने माती मळली' असं लिहिल्याने काही तटस्थ होत नाही. शिल्पांचं वर्णन करण्यात पानं घालवू नका, परीक्षक ती समोर बघणार आहेत. शब्दांनी तेच करावं जे शिल्प करू शकत नाही: तुम्ही कुठे काय निवडलं, काय टाकलं, कोणत्या निकषावर काम 'झालं' म्हटलं, आणि दुसऱ्या कुणाला हे पुढे न्यायचं असेल तर कुठून सुरुवात करावी. तुमचा 'झालं'चा निकष आत्ताच एका ओळीत लिहून ठेवा. तो बदलेल, पण बदलला हे कळायला आधीचा लागतोच.

आराखडा देण्याआधी एक भट्टी लावा. कोऱ्या पानावर पद्धती सुचत नाही. एकाच ग्लेझच्या दहा फरश्या, प्रत्येकीसाठी डावं पान. उघडल्या दिवशी नऊ फरश्यांच्या भेगांत काळी शाई चोळून पुसून घ्या. महिन्याने त्याच फरश्यांवर तपकिरी शाई, आणखी महिन्याने तांबडी. नव्या भेगा नव्या रंगाने भरतील आणि कोणती भेग कधीची ते फरशीच दाखवेल. त्या 'सोन्याच्या धाग्या'सारखं. मार्गदर्शकांपुढे आराखडा ठेवाल तेव्हा शेजारी या फरश्या ठेवा. दहाव्या फरशीला मात्र शाईचा थेंबही लावू नका. शाईतलं पाणी मातीत मुरून भेगा वाढतायत का, म्हणजे तुमची नोंदच भेगा पाडतेय का, हे तिच्याशिवाय कळायचं नाही.